वाचून घे, म्हणाले होते आबा

आमच्या टोळीत वाचता येणारी मी एकटी. पाचवीपर्यंत शाळेत गेले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसले आणि पुढे लग्न झालं. एवढ्या शिक्षणाला शहरात कोणी विचारत नाही, पण टोळीत मी म्हणजे कचेरी. मोबाइलवरचा मेसेज, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, एसटीची पाटी, सगळं माझ्यापुढे येतं. वाचताना अजून धडधडतं. जोडाक्षर चुकलं तर मागून बाईंची पट्टी बसेल असं वाटतं.

गाव आमचं धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून चोपडा, यावल ओलांडून आम्ही सावद्याकडे केळीच्या कापणीला येतो. पुरुष घड कापतात, बाया डोक्यावर चुंबळ ठेवून ते रस्त्यापर्यंत वाहतात. केळीचा चीक कापडाला लागला की काळा डाग पडतो, तो कापड फाटेपर्यंत जात नाही. बाजारात आमच्या लुगड्यांकडे बघूनच लोक म्हणतात, कापणीवाल्या आल्या.

ट्रक भरला की टोळी घडांवर चढून बसते. त्याला आम्ही लोडावर बसणं म्हणतो. बुडाखाली केळीची पानं, धरायला काही नाही, तारा आल्या की सगळ्यांनी एकदम माना खाली घालायच्या. असं बसा म्हणून कोणी सांगितलेलं नाही आणि का बसायचं म्हणून कोणी विचारलेलं नाही. ट्रक जातोच आहे, तर माणसंही जाऊ देत.

दोन वर्षांमागे कालव्याच्या वळणावर माझी जाऊ वरून पडली. खाली मुरूम होता. तिचा आवाजच आला नाही, म्हणून आम्ही जास्त घाबरलो. ज्यांच्या बागेतली कापणी उरकून आम्ही निघालो होतो ते आबा मागून जीपने येत होते. मंदिरात भजन म्हणणारे, गळ्यात माळ असलेले, साठीपुढचे. त्यांनी आपलं उपरणं घडी करून तिच्या मानेखाली घातलं, स्वतः उचलून जीपमध्ये ठेवलं आणि मिशनच्या दवाखान्यात नेलं. उपरण्याला रक्त लागलं, चीक लागला. मी धुऊन देते म्हटलं तर म्हणाले, "राहू दे गं. तिच्याजवळ बस तू."

हे मी कधी विसरणार नाही. पुढचं सगळं लिहितानाही विसरलेली नाही.

दवाखान्यात सिस्टर होत्या. लांबच्या, समुद्राकाठच्या मुलखातल्या. मराठी शिकून बोलायच्या आणि सगळ्यांना "तुम्ही" म्हणायच्या, अंगणातल्या कोंबडीलासुद्धा. बाकावर एक चाचा बसले होते, वेल्डिंगने भाजलेला हात बांधून घ्यायला आलेले. सावद्यात त्यांचं छोटं दुकान, ट्रकांचे मागून उघडायचे फाळके आणि कडेचे कठडे करायचे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कठडा मैं माल के लिए बनाता हूँ. आदमी के लिए आज तक किसीने बोला नहीं."

त्या बाकावरच ठरलं, कापणीवाल्यांना जायला-यायला वेगळी गाडी पाहिजे. बसायला बाक, धरायला दांडा. एवढंच मागायचं, दुसरं काही नाही.

बैठक दर शुक्रवारी चाचांच्या दुकानात, नमाजानंतर. पहिल्या दिवशी आम्ही बाया दाराबाहेरच टेकलो. आबा ओरडले, "बाहेर काय बसल्या? गाडी तुम्हाला पाहिजे का मला?" मग आत गेलो. आत बसायला नुसते पत्रे.

"चाचा, तुझ्या दुकानात एक धड खुर्ची नाही," आबा म्हणाले.

"मैं बनाता हूँ आबा, बैठता नहीं. बैठने का काम तुम्हारा."

सुरुवातीला चाचा बिस्मिल्ला म्हणायचे, आबा रामकृष्ण हरी, सिस्टर कपाळाला बोट लावायच्या. आमच्याकडे कोणीतरी बघितलं. सासू म्हणाली, "आमनं काय, आम्ही डोंगरले हात जोडतस." आबा खूप हसले. "मग डोंगराकडे तोंड करून बसा, अक्का. तुमचा देव सगळ्यात मोठा निघाला."

घरापासून इतक्या लांब कोणी मला आत बोलावलं होतं, चहा कपबशीत दिला होता, माझं म्हणणं ऐकताना मान हलवली होती. मी जावेला म्हणायचे, तू पडलीस पण आपल्याला माणसं मिळाली. ती म्हणायची, "पुढला टाइमले तू पड." तिचा पाय मोडला होता, चाचांनी तिला जुन्या पाइपांची चालायची घोडी करून दिली होती, तिच्यावर भार टाकून ती झोपडीभर फिरायची.

ट्रक केळीच्या व्यापाऱ्यांचे, ते ऐकेनात. एक गाडी माल नेते, तीच माणसं नेते, दुसरी कशाला? तेव्हा आम्ही लोडावर चढायचं सोडलं. ट्रक भरून द्यायचा आणि चालत परत यायचं. पहिल्या दिवशी आमचीच टोळी होती, तिसऱ्या दिवशी फैजपूरच्या अंगच्या दोन टोळ्या आल्या. रस्ता आमच्या पायांनी भरला, मागे ट्रक हॉर्न वाजवत पायांच्या चालीने. पुढे आबा, त्यांची चप्पल तुटली तर ती हातात घेतलेली. सिस्टर पांढऱ्या साडीला चीक लागू नये म्हणून आमच्यापासून हातभर लांब, मग तेही सोडून दिलं. चाचा म्हणत होते, "आबा, और दो दिन चलोगे तो पेट अंदर जाएगा." मी आयुष्यात एवढी हसले नव्हते.

आठवड्याने आबा एकटेच आमच्या झोपड्यांवर आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक कागद. व्यापाऱ्यांशी बोलणी त्यांनीच केली होती. "झालं काम," म्हणाले. "सगळ्यांचे अंगठे लागतील. तू सही कर, तुला येते."

चाचा आणि सिस्टर का आले नाहीत, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

कागद टाइप केलेला, चार-पाच ओळींचा. आबांनी खिशातला पेन काढून मला दिला आणि म्हणाले, "वाचून घे हवं तर."

सगळी टोळी माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली. ज्या माणसाने जावेला उचलून नेलं, त्याच्यादेखत त्याचाच कागद बोट ठेवून वाचायचा? आमच्यात पाहुण्याने आणलेली भाकरी उलटून बघत नाहीत, जळलीय का म्हणून. मी म्हटलं, "तुम्ही वाचलंय ना आबा? मग झालं."

ते चष्मा काढून पुसत राहिले.

मी सही केली. माझी बघून बाकीच्यांनी अंगठे दिले. चिकाने अंगठे इतके काळे की शाईचा ठसा नीट उठेना. मीच रॉकेलची चिंधी फिरवून एकेकीचा अंगठा पुसून दिला. जावेनेही दिला, घोडीवर टेकून. मग पेढे वाटले.

आम्हाला मिळणार होता त्या टेम्पोचे बाक चाचांनी तयार करून दुकानासमोर उभे केले होते. टेम्पो आला नाही. दोन दिवस वाट बघून आम्ही कापणीला गेलो, ट्रक भरला, आणि ड्रायव्हर म्हणाला, "चढा."

"आम्हाला गाडी येणार आहे," मी म्हटलं.

"कोणती गाडी? तुम्हीच लिहून दिलंय." त्याने केबिनमधून झेरॉक्स काढून दिली. "वाच. तू तर शिकलेली ना?"

रस्त्यात उभी राहून मी वाचलं. मोठ्याने, सगळ्यांसाठी, कारण सासू म्हणाली, "बठ्ठासले ऐकू येऊ दे." आम्ही कापणी कामगार आमच्या खुशीने भरलेल्या वाहनावर बसून प्रवास करतो. वेगळ्या गाडीची आमची मागणी नाही. अपघात झाल्यास जबाबदारी आमची राहील. खाली पहिलीच सही माझी, वळणदार, शाळेत गिरवली होती तशी. तिच्याखाली काळे ठिपके.

एक जोडाक्षर चुकलं नाही.

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सासू एवढंच म्हणाली, "पाचवी शिकेल शे मन्ही सून." आणि कमरेला पदर खोचून लोडावर चढली. तिच्यामागे सगळे. मीही चढले. वळण आलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत नुसती पानं होती.

चाचा आणि सिस्टरांना सांगितलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिघंही आबांकडे गेलो. आबांनी नाकारलं नाही. त्यांची दुसरी बाग तयार झाली होती आणि व्यापारी म्हणाला होता, आधी हे थांबवा, मग तुमची कापणी. "तयार घड कुणासाठी थांबतो का चाचा? झाडावर पिवळा झाला की गेला. तू लोखंडवाला, तुझं लोखंड थांबतं."

"मैंने तुमको भाई बोला था, आबा."

"पुढच्या हंगामाला बघू. आणि मी हिला वाच म्हणालो होतो. विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं होतं. ते म्हणाले होते. त्यांना ठाऊक होतं मी वाचणार नाही, आणि तरी म्हणाले, की म्हणूनच म्हणाले, हे मला आजही ठरवता येत नाही. आतून चहा आला, कपबशीत. मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी वहीच्या पानावर स्वतः लिहिलं. आधीच्या कागदावर आम्ही न वाचता सह्या केल्या. आम्ही खुशीने लोडावर बसत नाही. आम्हाला गाडी पाहिजे. टोळीला तीनदा वाचून दाखवलं. सासूने चौथ्यांदा वाचायला लावलं, मग अंगठा दिला. चाचांनी उर्दूत सही केली, सिस्टरांनी इंग्रजीत. मी एकटीच तो कागद घेऊन आबांच्या ओट्यावर गेले.

त्यांनी लगेच खिशातला पेन काढला.

"आधी वाचा, आबा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं, सगळं वाचलं, खालच्या अंगठ्यांपर्यंत. मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि पेन खिशात ठेवला.

मी ओटा उतरले तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "जावेचा पाय कसा आहे गं?"

"बरा आहे, आबा," मी म्हटलं. तुमच्यामुळे, असंही तोंडात आलं होतं, कारण तेही खरं होतं. पण ते मी गिळलं.

त्या दिवशी ट्रक भरून झाल्यावर मी लोडावर चढले नाही. चालायला लागले. थोड्या वेळाने मागे चपलांचा आवाज आला. सासू होती, आणि तिच्यामागे चार बाया. बाकीचे ट्रकवर बसून आमच्या शेजारून गेले, तारा आल्या तशा सगळ्यांनी माना खाली घातल्या.  कालव्याच्या वळणावर सासू म्हणाली, "कागद जपीसन ठेव. भिजाडू नको."