जिराफाच्या मानेवरची लाल रेघ

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याची समज चार वर्षांच्या मुलाएवढी आहे. डॉक्टर त्याला एक लांबलचक नाव देतात, कपाटात जाडजूड फाईल आहे, पण लोकांना मी एवढंच सांगते. पुढचे प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतातच, आणि उत्तरं देऊन देऊन मला कंटाळा आलाय.

जगात त्याला एकच जागा मनापासून आवडते. आमच्या जुईनगरच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर एक मॉल आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर मुलांचा प्ले झोन, आणि त्यातला बॉल पूल. रंगीत प्लास्टिकच्या चेंडूंत तो गळ्यापर्यंत बुडून बसतो आणि हसतो. घरी तो असा हसत नाही. शाळेतही नाही, त्याच्या शाळेतल्या बाईंना मी मुद्दाम विचारलंय. म्हणून दर पाच-सहा महिन्यांनी आम्ही चौघं तिथे जातो: मी, नवरा, तो आणि त्याची सात वर्षांची बहीण. नवरा जासईच्या कंटेनर यार्डात नोकरीला आहे, तो त्या दिवशी रजा टाकतो. रविवारची गर्दी आम्हाला झेपत नाही.

प्ले झोनच्या दाराशी भिंतीवर एक जिराफ रंगवलाय आणि त्याच्या मानेवर लाल रेघ ओढलीय. डोकं त्या रेघेच्या खाली असेल त्यालाच आत सोडतात. मोठी मुलं लहानांच्या अंगावर पडू नयेत म्हणून हा नियम, आणि तो बरोबर आहे हे मलाही कळतं. मागच्या खेपेला आमचा मुलगा रेघेच्या जेमतेम दोन बोटं खाली होता. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. पोरगं वाढावं म्हणून आया नवस बोलतात, आणि मी रोज सकाळी त्याची पॅन्ट घोट्याच्या किती वर आली ते बघायची आणि मनात म्हणायची, थांब रे बाबा आता. हे मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. लाज वाटायची.

यावेळी निघण्याआधी तीन दिवस मी त्याच्याकडून घरी सराव करून घेतला. भिंतीला टेकायचं, गुडघे जरासे वाकवायचे, मान खाली घालायची. मी करून दाखवायची, तो करायचा, मी टाळ्या वाजवायची. बहीण म्हणाली, "आई, ही चीटिंग आहे."

"तू गप गं, मोठी शहाणी," मी म्हटलं.

काउंटरवरची मुलगी नवीन होती. जुनी असती तर तिने कदाचित कानाडोळा केला असता. हिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "भैया, इधर खडे हो जाओ. सीधा."

आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे दर वाढदिवसाला त्याच्या उंचीची पेन्सिलने खूण करायची पद्धत आहे. नवरा त्याला उभं करतो, टाचा भिंतीला, हनुवटी वर, आणि खूण वर सरकली की "शाब्बास!" म्हणून पाठीवर थाप मारतो. बाकी कशात त्याच्या वाट्याला शाबासकी फारशी येत नाही, त्यामुळे ही त्याच्या पक्की लक्षात आहे. तिच्यापुढे माझा तीन दिवसांचा सराव काय टिकणार! त्याने चपला काढल्या. टाचा भिंतीला लावल्या. छाती पुढे, हनुवटी वर, आणि श्वास रोखून जेवढं ताणता येईल तेवढं अंग ताणलं. लाल रेघ त्याच्या कपाळावर आली. तो तसाच ताठ उभा राहून आमच्याकडे बघत राहिला, बापाच्या शब्दाची वाट बघत.

नवऱ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाब्बास."

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो काउंटरवर ओणवा झाला. एरवी शिरवणे गावात वाढलेला हा माणूस कुणापुढे वाकत नाही. "मॅडम, बारीकच हाय तो," तो म्हणाला; त्याच्या गावाकडे बारीक म्हणजे लहान. "फक्त लांब झालाय."

तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर सभ्य होता, हेच वाईट. तो ओरडला असता तर मला बरं पडलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. "ताई, मला कळतंय हो," तो म्हणाला. "पण आत दीड-दोन वर्षांची मुलं आहेत. याचं वजन बघा. काय झालं तर कोण बघणार?" तरी मी भांडले. तो कुणाला मारत नाही, नुसता बसून असतो, दहा मिनिटं द्या, बरं पाच द्या. बोलता बोलता मला दिसलं, आमच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईने आपलं खाली सोडलेलं पोर पटकन कडेवर घेतलं. तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्यानंतर मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

तेवढ्यात मागून माझी ओढणी ओढली गेली. माझी मुलगी मोजे चढवून तयार होती. "आई, मी जाऊ?"

खरं सांगते, मला तिचा राग आला. भाऊ दारात अडकलाय आणि हिला खेळायचं सुचतंय. "जा," मी तुटकपणे म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

बाहेरच्या बाकांच्या आणि आतल्या खेळाच्या मध्ये जाळी आहे. जाळीला दोन्ही हात लावून मुलगा उभा राहिला. रडला नाही. थोड्या वेळाने आपला नंबर येणार असंच त्याला वाटत होतं. दार उघडलं की तो माझ्याकडे बघून विचारायचा, "आता मी?" आणि मी म्हणायची, "थांब हं, बाळा." खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. नवरा पाण्याची बाटली आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी बाटली घेतली.

मग मी मुलीला शोधायला लागले. बॉल पूलमध्ये ती दिसेना. एवढ्यात पार वरून, उंच घसरगुंडीच्या तोंडातून एक किंकाळी आली आणि तिच्यामागोमाग आमची मुलगी धाडकन खाली आली. केस सुटलेले, चेहरा लालबुंद. खाली पोचते न पोचते तोच उठून दोराच्या शिडीवर धावली. कुणीतरी एक मैत्रीणही मिळवली होती तिने, दोघी एकमेकींच्या नावाने ओरडत होत्या. मी तिला त्या घसरगुंडीवर याआधी कधीच पाहिलं नव्हतं. कशी पाहणार? चार वर्षांची असल्यापासून दर वेळी त्या दारात मी तिला एकच गोष्ट बजावत आले होते, दादाचा हात सोडू नकोस. आणि त्या पोरीने तो सोडला नव्हता. तीन वर्षं ती बॉल पूलमध्ये त्याच्या शेजारी बसून होती, आणि ती तिथे खेळतेय असं मी समजत होते.

परतताना रिक्षात तो बापाला चिकटून बाहेर बघत होता. मुलगी मला रेलली होती, घामाने ओलीचिंब. तिने माझा चेहरा हाताने खाली ओढला आणि दादाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू कानात विचारलं, "आई, दादा परत लहान नाही ना होणार?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि दोन मिनिटांत गाढ झोपली.