शेठचा आटलेला एप्रन

होस्टेलच्या धोब्यावर शेठचा भारी राग होता. मेडिकल कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा सैल होणारा एप्रन आता पोटावर बसत नव्हता, आणि शेठच्या मते ही सगळी करामत त्या धोब्याच्या गरम पाण्याची. त्याच पाण्यात बाकीच्यांचेही एप्रन उकळत होते, ते आटत नव्हते, हे शेठच्या डोक्यात कधी शिरलं नाही. 'शेठ' हे नाव वर्गानं काय उगाच ठेवलं होतं?

मग एकदा वॉर्डात पेशंटवर वाकताना मधलं बटण उडालं. खाटेवरच्या आजोबांनी ते पांघरुणातून शोधून दिलं. "डॉक्टरसाहेब, तुमचं काहीतरी पडलं."

नेमका तेव्हाच थायरॉइडचा धडा चालू होता. डॉक्टरकी शिकणाऱ्यांची खोडच ती, जो आजार वाचतील तो अंगाला लावून घेतील. थकवा, पेंग, वाढलेलं वजन, जिन्यावर धाप, सगळं तंतोतंत जुळलं. या वेळी मात्र शेठ खरोखर घाबरला. आईला न सांगता त्यानं रक्त तपासून घेतलं.

रिपोर्ट नॉर्मल आला, आणि हा पडेल चेहऱ्यानं थायरॉइड शिकवणाऱ्या मॅडमकडे गेला. आजार असता तर निदान दोष त्याचा नसता.

"मॅडम, रिपोर्ट चुकलाय."

मॅडमनी त्याला वर्गासमोर उभं केलं. "रिपोर्ट ठेव बाजूला. पेशंटची केस सांगतोस तशी स्वतःची सांग. नाश्ता?"

"होत नाही, मॅडम. आठला तास असतो. मग बिस्किटं खातो."

"किती?"

"एक."

"एक बिस्किट?"

"पुडा."

वर्गात खसखस पिकली.

"व्यायाम?"

"लिफ्टपर्यंत चालत जातो."

"झोप?"

"होते ना, मॅडम. तुमच्याच तासाला."

आता मॅडमही हसल्या. "बरं, घरात कुणाला काही त्रास?"

"बाबांना. गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला." शेठचा आवाज खाली आला. बाबांचं कापडाचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर बैठक. आयसीयूच्या काचेबाहेर आईचा हात धरून तो उभा राहिला होता, ते त्याला आठवलं.

"त्याआधी काही लक्षणं?"

"नाही, मॅडम. जिना चढताना दम लागायचा, बस. आणि त्यांचे शर्ट..."

तो थांबला. बाबाही दर महिन्याला धोब्याशी भांडायचे. एकदा तर त्यांनी धोबीच बदलला होता.

"बस खाली," मॅडम हळूच म्हणाल्या. वर्गात कुणी हसलं नाही.

तास सुटल्यावर शेठनं बाहेर येऊन फोन लावला. "बाबा, तुमचे शर्ट कधी आटलेच नव्हते."

"हे सांगायला फोन केलास?"

"माझा एप्रनही आटलेला नाही."

मग बाबा खाकरले. "डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय ना, तर मी रोज कोपऱ्यावरच्या बाकावर बसून घरी येतो. आईला बोलू नकोस."

"बाबा!"

"ओरडू नकोस. निघालो बघ आत्ता. तू पण चल. फोन ठेवू नकोस, नाहीतर मी परत बाकावर बसेन."

शेठ लिफ्टकडे न बघता जिन्याला लागला. पहिल्याच मजल्यावर दोघांचं बोलणं बंद पडलं. फोनमधून नुसती धाप येत होती, इकडून त्याची आणि तिकडून बाबांची.