डाव्या बाह्यांचा गठ्ठा

आमच्या मोठ्या जाऊबाई डॉक्टरांचे पांढरे डगले बेततात. शिवत नाहीत, बेततात. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी त्या फारसं बोलत नाहीत. कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर नमुन्याचा कागद ठेवून खडूने आखायचं आणि मग कात्री चालवायची. शिवणारी चुकली तर एक डगला उसवावा लागतो, बेतणारी चुकली तर अख्खा गठ्ठा जातो. म्हणून कारखान्यात सगळे, अगदी मालकसुद्धा, त्यांना ‘मास्टर’ म्हणतात. घरी त्यांना ‘अगं’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी त्यांना मज्जातंतूंचा आजार जडला. त्याचं नाव घरात कोणालाच धड उच्चारता येत नाही. तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो. हातपाय चालतात, चेहरा टवटवीत, भूक शाबूत. फक्त थकवा. भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवायच्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. ताप असता तर तापमापी लावली असती, थकव्याला काय लावणार? शिवाय थकव्याच्या बाबतीत जो तो अनुभवी. सासूबाई म्हणायच्या, थकवा आम्हालाही यायचा, आम्ही त्याचे लाड केले नाहीत. नणंद फोनवरून पहाटे उठण्याचे फायदे सांगायची, आणि तो फोन उन्हं डोक्यावर आल्यावर यायचा. भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, म्हणायचे की मनावर घेतलं तर सगळं होतं. त्यांनी स्वतः आयुष्यात काय मनावर घेतलं, ते मला अजून कळायचंय.

शेवटी डॉक्टरांनी मेंदूला तरतरी आणणारी एक गोळी लिहून दिली. दिवसाला एकच. ही आजार बरा करत नाही, थकवा घालवतही नाही, काही तास झाकते, एवढंच. त्या तासांत जे सगळ्यात महत्त्वाचं असेल ते करा, असं त्यांनी दोनदा समजावलं. भाऊजी सोबत होते. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

पहिल्या सकाळी गोळी घेऊन जाऊबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अगं, डोक्यावर कोणी गादी टाकली होती, ती उचलल्यासारखं वाटतंय.” त्या दिवशी त्या चालत कारखान्यात गेल्या.

घराला मात्र आधी काळजी वाटली. असल्या गोळ्यांची सवय लागते म्हणे. हे भाऊजींनी सकाळपासूनचा चौथा चहा पिता पिता सांगितलं. मग सासूबाईंनी विचारलं, एवढा गुण येतो तर इतकी वर्षं का नाही घेतली? आणि आठवडा उलटायच्या आत सगळ्यांची काळजी मिटली, कारण गोळीचा उपयोग घराच्या लक्षात आला.

कारखाना उघडायच्या आधीची सकाळ घराच्या मालकीची ठरली. जाऊबाईंनी उठल्या उठल्या गोळी घ्यावी असं ठरलं. कोणी ठरवलं ते कोणाला आठवत नाही. सासूबाई “लागू पडली का गं?” असं विचारायच्या आणि उत्तराआधी कपाट उघडून द्यायच्या. भाऊजींची इस्त्री, नणंदेच्या पडद्यांना अस्तर, शेजारणीच्या मुलीचा झगा, सगळं त्या तरतरीत बसवलं जायचं. मी रांगेत नव्हते, पण त्यात माझा चांगुलपणा नाही. त्यांनी करावं असं माझ्याकडे काही शिल्लकच नसायचं, बाकीचं सगळं मीच केलेलं असायचं.

जाऊबाई कारखान्यात पोचायच्या तेव्हा निम्मी गोळी घरात खर्च झालेली असायची. डगल्याची पाठ आणि पुढचे भाग कसेबसे निघायचे. बाह्या शेवटी येतात.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी त्यांनी डाव्या बाह्या कापल्या. मग उजव्यांसाठी कागद उलटा ठेवायचा, तो तसाच सुलटा ठेवला आणि पुन्हा डाव्याच कापल्या. त्या कापडाला सुलट बाजू एकच, त्यामुळे डावी बाही उलटवून उजवी होत नाही. मालकाने गठ्ठा उचलून पाहिला. ओरडला नाही. गोळी दोन घेत जा, असा सल्ला दिला, आणि पुन्हा असं झालं तर कात्री दुसऱ्याकडे द्यावी लागेल, मास्टरनी घड्या घालायला बसावं, असंही सांगितलं. दोन गोळ्यांनी छाती धडधडेल, दोन मास्टर होणार नाहीत, हे जाऊबाईंनी त्याला सांगितलं नाही. मला सांगितलं.

त्या बाह्यांची पिशवी त्यांनी घरी आणली होती. पुसायला होतील म्हणाल्या. पिशवी माझ्या हातात देऊन जिन्यातच बसल्या.

“कात्री गेली तर मी नुसती आजारी उरेन गं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या उचलल्या आणि कारखान्यातल्या आपल्या खणात, कात्रीशेजारी नेऊन ठेवल्या. टेबलाशी उभं राहिल्यावर घ्यायची, त्याआधी नाही. बाह्या पुन्हा जोडीने निघू लागल्या. घरी मात्र सकाळच्या जाऊबाई पहिल्यासारख्याच, भिंतीला टेकलेल्या. सासूबाईंनी चार-सहा दिवस वाट पाहिली आणि गोळी बनावट निघाली असं जाहीर केलं.

सुट्टीच्या दिवशी नणंद राहायला येणार होती आणि माळा आवरायचा होता. त्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत जमलो. गोळ्या जागेवर दिसत नाहीत, कुठे आहेत, सासूबाईंनी विचारलं. कामावर, जाऊबाई म्हणाल्या. भाऊजी समजुतीच्या सुरात म्हणाले की सुट्टीपुरती एखादी घरी आणून ठेवायला काय हरकत आहे.

जाऊबाई खुर्चीत बसल्या होत्या. आवाज चढवायला लागणारी ताकदही त्यांच्यात नव्हती.

“गोळी कात्रीसाठी आहे. घरी मी ही अशीच असणार. अशी चालते का तुम्हाला, तेवढं सांगा.”

भाऊजींनी रिकाम्या कपातून एक घोट घेतला.

“चालतेस गं,” सासूबाई म्हणाल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. “पण माळ्याचं काय?”

जाऊबाईंना बसल्या जागी झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, उजवा हात मांडीवर, अंगठ्याला कात्रीचा जुना घट्टा. भाऊजी त्या घट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो त्यांनी कधी पाहिला नसावा. मग उठले आणि स्टूल कुठे असतं ते मला विचारलं.

मी स्टूल आणून दिलं. ते वर चढले, माळ्यावरची धूळ बघून खोकले आणि काहीतरी पुसायला मागितलं. मी पिशवीतून एक डावी बाही काढून त्यांच्या हातात दिली.