आवतनाचा हवालदार

"आधी बसून घ्या."

कुणाच्याही दारात गेला की त्याचं पहिलं वाक्य हेच. टोपी काढून काखेत धरायची, उंबऱ्याच्या बाहेर थांबायचं, नजर समोरच्याच्या गळ्यावर ठेवायची, डोळ्यांवर नाही, आणि म्हणायचं, "आधी बसून घ्या." खाकीतला माणूस दारात येऊन असं म्हणाला, की ऐकणाऱ्याला अर्धं तिथेच कळायचं.

माझ्याही दारात तो तसाच आला होता. माझा नवरा हायवेवर ट्रकखाली गेला, तो निरोप घेऊन. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "बसून काय होईल? उभ्यानंच सांग काय शे ते." त्यानं सांगितलं. 'जरा सीरियस आहे, चला' असली फसवाफसवी नाही. झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. तव्यावरची पोळी जळत होती ती त्यानंच उतरवली आणि गॅस बंद केला. माझा नवरा फार गुणाचा नव्हता, पण माणूस जातो तेव्हा गुण मोजत कोण बसतं? त्या दिवशी घरात किती लोक आले, कोण काय बोललं, काही आठवत नाही. गॅस बंद करणारा हवालदार आठवतो.

पुढे काही वर्षांनी तो जळगावात आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायला आला. अंगात खाकी नव्हती. मी ओळखलं.

"बदली झाली का रे?"

"नोकरी सोडली, अक्का."

"सोडली की काढलं?"

"सोडली."

"काहीतरी खाल्लं असशील."

तो हसला. पण ते हसू गालापर्यंतच आलं. तेव्हा मी गमतीनं बोलले होते. खाण्याचीच गोष्ट होती हे मला फार नंतर कळलं.

सोडण्याचं कारण त्यानं हळूहळू सांगितलं, ओट्यावर बसून, भिंतीकडे बघत. हायवेवर कुणी मेलं, रुळावर कुणी सापडलं, विहिरीतून कुणाला काढलं, की घरच्यांना कळवायला माणूस पाठवावा लागतो. पहिल्यांदा त्याला पाठवलं. त्यानं नीट सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही छान हाताळता." झालं. त्यानंतर प्रत्येक वेळी तोच. चांगलं काम केलं की तेच काम गळ्यात पडतं, हे घरातल्या मोठ्या सुनेला विचारा. गावोगावच्या लोकांना त्याची मोटरसायकल ओळखू यायला लागली. तो गल्लीत शिरला की बाया दारं लोटून घ्यायच्या. सणाला स्वतःच्या मावशीकडे गेला, तर मावशीनं त्याला बघून आधी देव आठवले.

बायको धुळ्याला माहेरी राहायची, मुलीला घेऊन. भांडण नव्हतं. त्याला घरात कुणी बोललेलं सोसत नव्हतं, आणि तिला कुणी न बोललेलं.

आमच्याकडे आल्यावर त्यानं फैजपूरकडे केळीच्या गाड्या भरतात तिथे देखरेखीचं काम धरलं. ते सोडलं. ट्रकचा ब्रेक लागला की मोजणी सोडून रस्त्याकडे धावतो, म्हणायचा. मग नुसता बसून राहायला लागला. पन्नाशीही न गाठलेला, धडधाकट माणूस दिवसभर बसलेला मला बघवत नाही. म्हातारे बसतात ते ठीक आहे, त्यांनी उठून तरी काय करायचं?

मी लग्नांत स्वयंपाकाची कामं घेते. खापरावरचे मांडे, वरण-बट्टी, वांग्याची भाजी. त्यामुळे लग्नघरांची अडचण मला माहीत असते. आमच्या खान्देशात मोबाईलवर पत्रिका पाठवली तर लोक बघतात, पण येत नाहीत. पत्रिका कुंकू लावून हातात द्यावी लागते आणि आवतन तोंडानं सांगावं लागतं. एका माणसाचं आवतन की चूलबंद, हेही सांगावं लागतं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, बठ्ठ्यांनी, घरातल्या सगळ्यांनी, जेवायला यायचं. हे न सांगता पत्रिका टाकून आलात, तर लोक पुढच्या पिढीपर्यंत रुसून राहतात. पूर्वी भाऊबंद गावं वाटून घ्यायचे. आता सगळे पुण्याला, सुट्टी कुणाला मिळत नाही. भरवशाचा माणूस हवा असतो.

मी त्याला म्हटलं, "रस्ते तुला ठाऊक, गावं ठाऊक, दारात उभं राहायची सवय. निरोप तेवढा बदलायचा."

"जमेल?"

"न जमायला काय वाघ मारायचाय?"

पहिल्याच फेरीत त्यानं धरणगावला गोंधळ घातला. दारात गेला, हात आपोआप डोक्याकडे गेला, टोपी नव्हती, आणि तोंडातून निघालं, "आधी बसून घ्या." समोर म्हातारी. ती खालीच बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "कोन गया रे भाऊ? कोन गया?" हा इतका घाबरला की तोही तिच्यासमोर बसला. तोवर शेजारणी धावत आल्या, एकीनं तर गळाही काढला.

"कुणी गेलं नाही, आजी. लग्न आहे."

"कोनं?"

"तुमच्या भाच्याच्या मुलाचं."

म्हातारीनं चप्पल उचलून त्याच्या पाठीत घातली. मग हसली, मग पत्रिका डोक्याला लावली.

हे ऐकून मी पोट धरून हसले. तुम्हीही हसाल. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "अक्का, दार उघडलं की तोंडात तेवढंच येतं."

मग मी त्याला शिकवलं. गाडी बंद करायच्या आधीच ओरडायचं, "लगीनचं आवतन शे!" त्याआधी दुसरं काही बोलूच नये. त्यानं ते धरलं. सुरुवातीला लाजायचा, मग गल्लीच्या तोंडाशीच ओरडायला लागला. पोरं गाडीमागे धावायची. एकदा संध्याकाळी मला सांगायला आला, "एका घरात मला बघून बाई हसत बाहेर आली." एवढंच सांगायला आला होता. सांगून गेला.

पण तो कुणाकडे जेवायचा नाही. आवतन घेऊन येणाऱ्याला कुणी उपाशी पाठवत नाही, निदान शेवेची भाजी आणि भाकरी तरी समोर येतेच. हा पाणी प्यायचा आणि उठायचा. माझ्याकडेही तेच. वर्षभर मी मनात धरलं, मग एक दिवस ताट त्याच्यासमोर आपटलं. "माझा हात बाटलाय का?"

तेव्हा त्यानं सांगितलं.

शिंदखेड्याकडचं एक गाव. एका घरचा मुलगा हायवेवर गेला होता. हा निरोप घेऊन गेला तेव्हा घरात त्याची आई एकटी होती. बाकीचे शेतात. भर उन्हाची वेळ. ह्यानं तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "पहिले पानी पी, भाऊ. तोंड सुकाई गयं तुनं." पाणी दिलं, मग भाकरी थापायला घेतली. तो म्हणाला बसून घ्या, ती म्हणाली तूच बस. ह्याला वाटलं, घरचे येऊ देत, एकटीला कसं सांगायचं? आणि खरं म्हणजे त्या दिवशी त्याच्यात सांगायचं बळच नव्हतं. आदल्याच दिवशी एका घरी जाऊन आला होता. ताट समोर आलं. तो जेवला. ती जवळ बसून वाढत होती आणि मुलाचंच बोलत होती, की तो आला की ह्या खेपेला त्याच्यासाठी मुलगी बघायची.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. मुलाबरोबर कामाला असलेल्या कुणाचा तरी होता.

फोन ठेवून ती बाहेर आली. रडली नाही. ह्याच्या ताटाकडे बघत म्हणाली, "तुले माहीत व्हतं. माहीत ऱ्हाईसन तू जेवना." माहीत असूनही तो जेवला होता.

त्यानं उठून हात धुतले की नाही, हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं राजीनामा लिहिला. साहेब म्हणाले सुट्टी घ्या, तो म्हणाला सुट्टीनं जाणारं नाही.

मी ताट उचलून आत नेलं.

"एकदा जायचंय तिच्याकडे," तो म्हणाला. "गावच्या फाट्यापर्यंत जातो आणि परत येतो. तिनं काय वाटेल ते बोलावं, पण मी तिच्यापुढे उभं राहायला पाहिजे."

पुढच्या लग्नसराईत धुळ्याच्या एका घरचं काम आलं. आवतनाच्या यादीतली नावं वाचताना तो थांबला. नवरी त्या बाईच्या भावाची मुलगी होती. त्या घरी पत्रिका द्यायची होती, आवतन चूलबंद.

"दुसऱ्या कुणाला पाठवू?" मी विचारलं.

"नको. पण तुम्ही चला."

मी म्हातारी त्याच्या गाडीमागे बसून शिंदखेड्याकडे गेले. त्या गल्लीत तो ओरडला नाही. गाडी लांबच लावली. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सुपाकडे. मीच पत्रिका पुढे केली आणि सांगितलं, "भावाच्या मुलीचं लग्न. चूलबंद शे." तिनं कुंकू लावून घेतलं.

तो म्हणाला, "मावशी, मी तोच."

"वळखं मी."

"मी तेव्हा सांगायला..."

"लगीनले आम्ही येसूत," ती म्हणाली. "पन तू मना उंबरा चढू नको." आणि परत ज्वारी निवडायला लागली.

तिनं बरोबर केलं की चूक, मला विचारू नका. मुलगा तिचा गेला होता. परतताना मला वाटलं हा मोडला आता. पण गाडी चालवता चालवता म्हणाला, "बोलली तरी."

तो आता नाही. गेल्या हिवाळ्यात खोलीत झोपेतच गेला. बायको आणि मुलगी धुळ्याहून आल्या, दोघी शांतपणे रडल्या. त्यानं शेवटपर्यंत कुणाकडे ताट घेतलं नाही, माझ्याकडेही नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. म्हणणारच, त्यांना काहीतरी लिहावं लागतं. आता लग्नघरं मला विचारतात, आवतनाला तुमचा तो हवालदार कुठे आहे? मी सांगते, दुसरा बघा.

मला तो त्या धुळ्याच्या लग्नातला आठवतो. बायकांची पंगत बसली होती, वाढपी कमी पडत होते. मंडपाच्या कडेला तो उभा होता. शिंदखेड्याकडची ती मावशी ओळीत बसलेली आम्हा दोघांनाही दिसली. तो चुलीपाशी आला.

"अक्का, वरणाची बादली द्या."

मी दिली. तो एकेका ताटात वाढत पुढे सरकला. एखादीला नको असेल तर ती ताटावर हात आडवा धरते, तुम्हाला माहीत आहे. एक-दोघींनी धरला, तो पुढे गेला. तिच्यासमोर आला आणि वाकला. ती वर बघत नव्हती. तिचा हात गुडघ्यावर होता. मी झारा हातात धरून बघत राहिले, इकडे तूप कडकडून धूर निघाला तरी.

हात गुडघ्यावरच राहिला. त्यानं वरण घातलं. तिनं त्यात बट्टी कुस्करली.

तो पुढच्या ताटाकडे वळला, आणि पंगत उठेपर्यंत "वरण, वरण" करत तिथेच फिरत राहिला.