अर्धं आभाळ

जलरंगातलं आभाळ एका दमात रंगवावं लागतं. कागद ओला, ब्रश भरलेला, आणि वरून खाली उतरत यायचं. मध्येच उठलं की रंग थांबला तिथंच वाळतो आणि कड धरतो. ती कड मग काही केल्या जात नाही. हे मी सासूबाईंना किती वेळा समजावलं असेल! त्या पडल्या पडल्या म्हणायच्या, "आभाळ कुठं पळून चाललंय का? आधी मला कुशीवर वळव."

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या निफाडहून आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटवर आल्या. आवाज खोल गेला होता, म्हणून नवऱ्याने त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला ठेवला. काही लागलं तर पलंगाच्या दांडीवर वाजवायचा. त्या दिवसापासून घरात पेल्याचं राज्य आलं. बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत मी घोटीकडून चढून येणारे ढग रंगवायला बसायचे, आणि बरोबर अर्ध्या आभाळाशी टण् टण् टण्. पाणी दे. पंखा कमी कर. आज वार कोणता? एकदा ब्रश हातात घेऊनच धावले, तर म्हणाल्या, "काय नाय. हाय का तू, ते पाह्यलं." त्या संध्याकाळी मी भांडी फार आपटली.

माझं मागणं एवढंच होतं, की एक आभाळ बिनकडेचं व्हावं.

गेल्या थंडीत त्या गेल्या. पलंग भाड्याचा होता, तो परत गेला. पेला मांडणीवर इतर पेल्यांत मिसळला, आता तो कुठला हेही ओळखू येत नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी कागद ओला केला. अर्ध्या आभाळाशी टण् टण् टण्. "आले आई," म्हणत मी उठलेसुद्धा. त्यांच्या खोलीत फरशीवर पलंगाच्या पायांचे गंजके डाग तेवढे होते. परत येईपर्यंत कड वाळली होती.

मग हे रोजचंच झालं. नवरा म्हणाला, "वरचे लोक पाइप ठोकत असतील." मला भीती वाटायची, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त यायचा. ही बाई मेल्यावरही मला बसू देत नाही!

एका दुपारी मी हट्टालाच पेटले. वाजलं, पण उठले नाही. दात आवळून ब्रश ओढत राहिले. आधी जोरात वाजलं, मग हळू, मग थांबलं. आभाळ पुरं झालं होतं. स्वच्छ, सलग, कुठे कड नाही. भिंतीला लावलं आणि मला ते बघवेना. जुनी चित्रं काढून शेजारी ठेवली. त्यांतली एकेक कड मला ओळखीची होती. इथं पाणी दिलं, इथं कूस बदलली, इथं "हाय का तू".

त्यानंतर पेला वाजला नाही.

आता अर्ध्या आभाळाशी माझा हात आपोआप थांबतो. ब्रश ठेवून मी कान देते. खालून रिक्षा जातात, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते, आणि तेवढ्यात रंग वाळतो. मग मी उठते, त्या रिकाम्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते आणि म्हणते, "आहे मी, आई."