मिरकाबमधला आयोवाचा इतिहासकार

"ही नदी धरा," असं म्हणून तो चहाच्या पेल्यात बोट बुडवायचा आणि टेबलावर एक वाकडी रेघ ओढायचा. "अलीकडे गिरणी. पलीकडे कोर्ट." रेघ सुकायच्या आत शंभर वर्षांचा इतिहास उरकायचा त्याचा बेत असे. तो कधीच जमत नसे. मग पुन्हा बोट, पुन्हा रेघ, आणि शेवटी तोच चहा तो पिऊन टाकी.

नदी अमेरिकेतली, आयोवा नावाच्या मक्याच्या मुलुखातली. सांगणारा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. ऐकणारे आम्ही, कुवेत शहरात मिरकाबमधल्या एका खोलीत शुक्रवारी दुपारी जमलेले. बाकीचे जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून यायचे, मी झोपेतून उठून. कुवेतमध्ये तेव्हा अजून आपलाच रुपया चालत होता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना स्वतःच्या गावची मशीद कुणी बांधली ते सांगता येत नाही आणि साहेबाच्या गावच्या गिरणीचं दगडी जातं कुठून आलं ते तोंडपाठ असतं. मला अशांचा तिटकारा आहे. मी पहिल्या रांगेत बसत असे, कारण पंखा तिथे होता आणि जांभई दिलेली त्याला नीट दिसायची.

तेल कंपनीच्या ऑफिसात तो टायपिस्ट होता आणि मी डिस्पॅचला. त्याचा अमेरिकन साहेब फावल्या वेळात आपल्या तालुक्याचा इतिहास लिहायचा आणि याच्याकडून टाईप करून घ्यायचा, तीन-तीन प्रतींत. क्लबात साहेब त्यावर व्याख्यानंही देई. आठ-दहा गोरे सिगारेटी ओढत ऐकायचे, हा दाराबाहेर कागद धरून उभा. साहेब मायदेशी परतला आणि यानं त्याची गादी चालवायला घेतली.

पहिल्याच व्याख्यानात गलबतावरच्या एका तांडेलानं विचारलं, "तिथले खोत कोण?"

"खोत नव्हते. ज्यानं नांगर घातला त्याची जमीन."

"बिगर खोताचा मुलूख? थापा नको मारू."

त्यावर तासभर वाद झाला आणि आयोवा बाजूलाच राहिलं. शेवटी मी मुद्दाम विचारलं, "नांगर घालण्याआधी तिथे कोण राहत होतं?"

"साहेबांनी ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला. म्हणजे साहेबानं लिहिलं नाही ते जगात झालंच नाही. मी कपाळाला हात लावला.

एकदा तो सांगत होता की पहिल्याच हिवाळ्यात एका घरची चार माणसं तापानं गेली. सांगताना त्याचा आवाज बसला. मागे पेंगणारे एक म्हातारे चाचा दचकून जागे झाले. त्यांना वाटलं, याच्याच घरून तार आली. त्यांनी हात उचलून गेलेल्यांसाठी फातेहा म्हणायला सुरुवात केली, आणि खोलीभर हात उचलले गेले. त्यानं कुणालाही थांबवलं नाही. स्वतःही मान खाली घालून हात उचलले. मी रुमालात तोंड खुपसून हसत होतो.

या सगळ्याचं मूळ म्हणजे साहेबानं जाताना दिलेला शब्द. पुस्तक छापलं की त्यात याचं नाव येणार होतं. बंदराच्या ऑफिसात हेड टायपिस्टची जागा चालून आली तेव्हा त्यानं ती नाकारली, कारण पुस्तक या पत्त्यावर येणार होतं. गावची सुट्टीही दोनदा पुढे ढकलली. दर टपालाला माझ्या खिडकीशी येऊन विचारायचा, "आलं काय हो?"

"नाही," मी मान वर न करता सांगायचो. असं चार वर्षं चाललं.

पाचव्या वर्षी पुस्तक आलं. मीच ते त्याच्या हातात दिलं आणि गंमत बघायला तिथेच थांबलो. नुसते आभारच दीड पान होते. त्यात बायको होती, बँकवाला होता, पाद्री होता, साहेबाचा कुत्रासुद्धा होता. हा नव्हता. त्यानं ते आभार बोट फिरवत तीनदा वाचले. मग पुस्तक चाळायला लागला आणि म्हणाला, "एक्केचाळीस पानावर चूक आहे. मी टाईप केलं तेव्हा बरोबर होतं."

महिन्याभरानं त्यानं माझ्याकडे एक जाड लिफाफा दिला, बंद केलेला. "सगळ्या चुका काढल्यात. दुसऱ्या आवृत्तीत सुधारतील."

मी तो पाठवला नाही. अपमान गिळून वर फुकट चाकरी करायची, या लाचारीची मला चीड आली. साहेबाला हसायला आयतं कारण का द्या, असंही मनाशी म्हटलं. लिफाफा माझ्या खणात राहिला. तो मात्र पुन्हा खिडकीशी येऊ लागला. "उत्तर आलं काय हो?" आणि मी त्याच तोंडानं "नाही" सांगत राहिलो.

रुपया जाऊन दिनार सुरू झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. कंपनीनं हिशोब चुकता केला आणि तो मुंबईच्या बोटीनं गेला. निरोप द्यायला मी गेलो नाही. शुक्रवारी त्या खोलीत पत्ते सुरू झाले.

दोन वर्षांनी ऑफिस दुसऱ्या इमारतीत हललं, तेव्हा खण रिकामा करताना लिफाफा हाती आला. मी फोडला. नऊ पानांत चुका, पान आणि ओळ देऊन, एकही खाडाखोड नाही. स्वतःचं नाव गाळल्याबद्दल एका अक्षराचीही तक्रार नव्हती. शेवटी लिहिलं होतं की आता डोळे फार दिवस साथ देतील असं वाटत नाही. पुढे काही विचारायचं झालं तर इथे या विषयाचा एक जाणकार आहे. डिस्पॅचमधले माझे मित्र. ते दर शुक्रवारी पहिल्या रांगेत बसतात आणि मला न सुचलेले प्रश्न विचारतात. पुस्तकात कुणाचं नाव घालायचं झाल्यास त्यांचं घालावं.

खाली माझं नाव टाईप केलेलं होतं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण आणि बिनचूक.