बायकोचं वेगळं ताट

आमच्या पिंपळे गुरवात तेव्हा बायका नवऱ्याच्या ताटात जेवायच्या. नवरा उठला की त्याच उष्ट्या ताटात आपलं वाढून घ्यायचं. माझी बायकोही तशीच जेवायची. मला त्याची ऐट होती.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता. मी तिथं बॉयलरवर लागलो. घाम वाळून बंडी पांढरी व्हायची. मुकादम म्हणायचा, "राव, मीठ खात जा, न्हाईतर भोवळ येऊन पडशील." मी खायला लागलो. आमटीत वरून मीठ, भाकरीवर खारट खर्डा.

त्याच सुमारास बायकोचं डोकं ठणकायला लागलं. चिंचवडच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून बघितलं. म्हणाला, "रक्ताचा दाब फार चढलाय. मीठ तोडा, नाहीतर अर्धांग होईल." तिनं आपली आमटी आधी अळणी काढून ठेवायला सुरुवात केली. तरी पुढच्या खेपेला दाब होता तेवढाच.

मी तिथंच तिला झापली. "चोरून लोणचं खातीस व्हय गं?"

"देवाशपथ न्हाई," ती खाली बघून म्हणाली.

डॉक्टरनं विचारलं, "बाई, जेवता कशात?"

"ह्यांच्या ताटात."

"आणि हे ताटात काय ठेवतात?"

काय ठेवणार? उरलेला खर्डा, मिठाची चिमूट, आमटीचा खारट गाळ. अन्न टाकायचं न्हाई, म्हणून ती आधी तेच पुसून खायची. माझी मान वर होईना.

घरी आल्यावर आईला म्हणालो, "उद्यापासनं हिचं ताट वेगळं."

आई बघतच राहिली. "का रं? काय केलं तिनं?"

शेजारची म्हातारी ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "त्याला बायको चालंना झाली वाटतं. का बायकोलाच ह्याचं उष्टं चालंना?" दोघी हसल्या.

डॉक्टरनं सांगितलंय, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण बायकोसाठी ताटं मांडणारा म्हणून गावभर नाव झालं असतं. मी खेकसलो, "सांगितलं तेवढं करा," आणि बाहेर पडलो.

गावात व्हायचं तेच झालं. बायकोला टाकली म्हणून बोभाटा तिच्या माहेरी, महाळुंग्यापर्यंत गेला. तिचा बाप चालत आला. ओट्यावर बसून म्हणाला, "जावईबापू, आमच्या पोरीचं काय चुकलं?"

आतून ती म्हणाली, "आबा, काय न्हाई चुकलं. दाबामुळं डॉक्टरनंच सांगितलंय."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मी व्हय म्हणायची वाट बघत होता. पण ओट्याखाली चार माणसं उभी होती. मी तंबाखू मळत बसलो. पोरगी नवऱ्यावर पांघरूण घालतीय, असंच त्याला वाटलं. पाणीही न घेता उठून गेला.

दाब उतरला. बायको म्हातारी होईस्तोवर जगली, औंदा गेली. बाप मात्र पोरगी टाकलेली आहे, असंच समजून आधीच मेला. तिनं मला त्यावरून कधी टोमणा मारला न्हाई. मारला असता तर बरं झालं असतं.